आई-वडिलांसाठी जुनी हॅचबॅक किंवा वॅगन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुरुवात मॉडेलपासून करावी की बजेटपासून?

दोन्हींच्या आधी गुडघ्यांपासून. जुनी गाडी बघताना सगळ्यांचं लक्ष इंजिन, ॲव्हरेज आणि किलोमीटरकडे असतं. तेही बघायचंच आहे, पण बिघडलेलं इंजिन दुरुस्त होतं. मुळातच खाली बसवलेली सीट दुरुस्त होत नाही. ज्यांच्यासाठी गाडी घ्यायची त्यांना सोबत घेऊन वेगवेगळ्या उंचीच्या तीन-चार गाड्यांत नुसतं बसवून-उतरवून बघा. एकदा नाही, प्रत्येक गाडीत पाच-सहा वेळा, कारण पहिल्यांदा सगळेच जोर लावून नीट उठतात. यादीतली निम्मी नावं तिथेच गळतात.

आणि गाडी अचानक दारात आणून उभी करू नका. चालवणारे ते आहेत. त्यांना न विचारता आणलेली गाडी कितीही चांगली असली तरी बऱ्याचदा उभीच राहते, आणि उभी राहिलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते.

सीट नेमकी किती उंच हवी?

जमिनीपासून सीटच्या बाहेरच्या कडेपर्यंत साधारण ५५ ते ६५ सेंटीमीटर उंची बहुतेकांना सोयीची पडते. टेप सोबत ठेवा. टेप नसेल तर दरवाजा उघडून सीटकडे पाठ करून उभं राहायला सांगा. सीटची कड गुडघ्यामागच्या घडीच्या जरा वर टेकली पाहिजे. ती घडीच्या खाली गेली तर बसताना शेवटच्या टप्प्यात माणूस धपकन पडतो आणि उठताना सगळा भार मांड्यांवर येतो. फार उंच गाडीत उलटा त्रास: तिथे बसता येत नाही, चढावं लागतं.

उतरताना त्यांचे हात कुठे जातात तेवढं बघा. हात सीटच्या कडेवर टेकून माणूस उठला तर गाडी जमली. हात स्टिअरिंगवर किंवा उघड्या दरवाजाच्या वरच्या कडेवर गेला तर सीट खाली आहे, आणि दरवाजा ही आधाराला धरण्याची वस्तू नाही. उतारावर तो आणखी उघडतो किंवा अंगावर येतो.

सीटइतकाच दाराचा उंबरठा महत्त्वाचा. काही गाड्यांत तो रुंद आणि आतल्या तळापेक्षा बराच उंच असतो, मग पाय उचलून आत घ्यावा लागतो. अरुंद आणि तळाच्या पातळीतला उंबरठा सर्वांत चांगला. ‘स्पोर्ट’ नावाच्या व्हेरिएंटमध्ये सीटच्या दोन्ही बाजू फुगीर असतात. त्या कंबर धरून ठेवतात खऱ्या, पण त्यावरून सरकून बाहेर येणं म्हणजे कसरत. साधा व्हेरिएंट घ्या. त्यात चाकंही लहान, म्हणजे १४ किंवा १५ इंची असतात. टायरची भिंत उंच असल्याने खड्ड्यातला दणका मणक्यापर्यंत कमी पोचतो, आणि टायर स्वस्तही पडतात.

दोन दरवाजांची हॅचबॅक टाळाच. तिचा दरवाजा लांब असतो आणि शेजारी गाडी लागलेली असली की तो पुरता उघडत नाही.

ड्रायव्हरच्या जागेवर काय मोजायचं?

एअरबॅगच्या झाकणापासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत किमान २५ सेंटीमीटर अंतर हवं. उंची कमी असलेली माणसं पेडलपर्यंत पाय पोचावेत म्हणून सीट पुढे ओढतात आणि हे अंतर संपतं. म्हणून स्टिअरिंग वर-खाली होण्याबरोबरच पुढे-मागे होणारंही हवं. दुसरं माप नजरेचं: डोळ्यांची रेषा स्टिअरिंगच्या वरच्या कडेपेक्षा निदान ८ सेंटीमीटर वर असावी. त्यासाठी सीटची उंची बदलण्याचा खटका लागतो. अगदी प्राथमिक व्हेरिएंटमध्ये तो नसतो, आणि उशी ठेवून भागवणं हा उपाय नाही. ब्रेक जोरात दाबताना उशी सरकते.

हेडरेस्टची वरची कड किमान कानाच्या वर गेली पाहिजे. मागची काच आणि मागचे खांबही बघा. अलीकडच्या बऱ्याच हॅचबॅकमध्ये मागचा खांब जाड आणि काच टीचभर असते. मान पूर्ण वळत नसेल तर अशा गाडीत रिव्हर्स कॅमेरा नसणं म्हणजे डोळे मिटून मागे येणं.

एसी, काच पुसायचं बटण आणि हझार्ड लाइट यांना खरी बटणं हवीत. एसी कमी करायला स्क्रीनवर तीन पायऱ्या उतरायला लावणारी गाडी कितीही आधुनिक दिसो, नको. मनगट किंवा बोटांचे सांधे दुखत असतील तर बटणाचा पार्किंग ब्रेक हा लिव्हरपेक्षा खरोखर सुखाचा.

हॅचबॅक की वॅगन?

डिकीत काय जाणार त्यावर ठरवा. किराणा आणि औषधं एवढंच असेल तर हॅचबॅक, कारण पार्किंग सोपं. वॉकर किंवा घडीची व्हीलचेअर न्यायची असेल तर वॅगन, म्हणजे छत मागेपर्यंत नेऊन डिकी लांब केलेली गाडी, पण तिचा डिकीचा ओठ बघून. चांगल्या वॅगनमध्ये डिकीचा तळ बंपरच्या कडेला समपातळीत असतो, सामान सरकवून आत जातं. लहान हॅचबॅकमध्ये आधी १५–२० सेंटीमीटर उचलून मग आत खाली सोडावं लागतं, आणि कंबर धरते ती या सोडण्याच्या हालचालीत. व्हीलचेअर प्रत्यक्ष घालून बघा. लिटरमध्ये सांगितलेल्या डिकीच्या मापाचा इथे उपयोग नाही.

पूर्ण उघडलेल्या डिकीच्या झाकणापर्यंत हात पोचतो का तेही बघा. खांदा आखडलेला असेल तर तिथे कापडी पट्टा बांधता येतो. झाकण धरून ठेवणारे गॅसचे दांडे जुने झाले की झाकण हळूच खाली येतं, थंडीत जास्त. उघडून अर्धा मिनिट सोडून द्या. जागचं हललं तर दोन्ही दांडे बदलायचे. काम स्वस्त आणि दहा मिनिटांचं आहे, पण न केल्यास झाकण सरळ डोक्यात बसतं.

ऑटोमॅटिक घ्यायची तर कोणती?

‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली चार वेगळी यंत्रं विकली जातात, आणि जुन्या गाडीत सगळ्यात मोठा खर्च इथेच लपलेला असतो.

टॉर्क कन्व्हर्टर (यात इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला जाते) हा जुना, थोडं जास्त पेट्रोल पिणारा आणि सहसा सर्वांत टिकाऊ प्रकार. गिअर ऑइल वेळेवर बदललेलं असेल तर याला डोळे झाकून पसंती. सीव्हीटीत गिअर नसतात, दोन पुलींमधून स्टीलचा पट्टा किंवा साखळी फिरते. वयस्कर माणसाला चालवायला याहून मऊ काही नाही, मात्र सीव्हीटीचं ऑइल साधारण ५०–६० हजार किलोमीटरला बदलल्याचा पुरावा मागा. ‘आयुष्यभर बदलावं लागत नाही’ असं कोणी म्हटलं तर गिअरबॉक्सचं आयुष्यही तेवढंच धरा.

एएमटी म्हणजे साध्या मॅन्युअल गिअरबॉक्सवर बसवलेला यांत्रिक हात. स्वस्त, दुरुस्तीला सोपा, पण गिअर बदलताना मान डोलते आणि चढावर ब्रेक सोडला की बऱ्याच गाड्या मागे सरकतात. चढावर धरून ठेवणारी सोय नसेल तर नको. चौथा प्रकार ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लच आळीपाळीने चालवणारा. त्यातले कोरडे (ऑइलमध्ये न बुडवलेले) क्लचवाले लहान गाड्यांत आले आणि रांगेत थांबत-सरकत चालवताना तापून थरथरू लागले. २०११ नंतरच्या फोर्ड फिएस्टा आणि फोकसमधला पॉवरशिफ्ट त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. आई-वडिलांचा प्रवास बहुतांशी याच थांबत-सरकत प्रकारचा, म्हणून जुन्यात कोरडा ड्युअल क्लच घेऊ नका.

नावावर जाऊ नका, हेही इथेच. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक गिअरबॉक्स बदलतो. दुसऱ्या पिढीच्या होंडा जॅझमध्ये काही बाजारांत आधी आय-शिफ्ट नावाचा एएमटी होता, नंतर सीव्हीटी आला. बाहेरून गाडी तीच.

चाळीस वर्षं मॅन्युअल चालवली आहे. आता ऑटोमॅटिकवर जावं का?

गुडघा किंवा टाच क्लचने दुखत असेल तर हो, पण सवयीला वेळ देऊन. धोका एकच आणि तो मोठा आहे: गडबडीत डावा पाय क्लच समजून रुंद ब्रेकवर पडतो, किंवा उजवा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर. पहिले काही दिवस मोकळ्या मैदानात फक्त चालू करणं, सरकणं, थांबणं, मागे घेणं एवढंच करू द्या. डावा पाय मागे, सीटच्या बाजूला ओढून ठेवायचा. चप्पल नको, टाच बंद असलेलं पातळ तळव्याचं पादत्राण घाला.

विसराळूपणा सुरू झाला असेल तर नवी पद्धत शिकवण्याआधी डॉक्टरांशी बोला. तिथे प्रश्न गिअरबॉक्सचा राहत नाही.

पेट्रोल, डिझेल, हायब्रिड की इलेक्ट्रिक?

पेट्रोल, आणि शक्यतो टर्बो नसलेलं साधं इंजिन. डिझेल नको. आधुनिक डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळायला इंजिनाला पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्यापैकी वेगात चालावं लागतं. देऊळ, दवाखाना, भाजी अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ते घडतच नाही, फिल्टर तुंबतो आणि बदलायचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीला टेकण्याइतका असतो.

पेट्रोलमध्येही लहान टर्बो इंजिनांचा टायमिंग बेल्ट (इंजिनातल्या व्हॉल्व्हची हालचाल वेळेवर ठेवणारा पट्टा) बघा. फोर्डच्या १.० इकोबूस्ट आणि प्यूजो-सिट्रोएनच्या १.२ प्युअरटेक इंजिनांत बराच काळ हा रबरी बेल्ट ऑइलमध्ये बुडालेला असे. तो झिजला की त्याचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात, ऑइलचा दाब पडतो आणि इंजिन बसतं. बेल्ट बदलल्याची पावती नसेल तर सोडून द्या.

टोयोटाच्या जुन्या हायब्रिड गाड्या मात्र उगीच भीतीपोटी वगळू नका. त्यांच्यात पट्ट्याचा सीव्हीटी नाही, स्टार्टर मोटर नाही, आणि ब्रेक पॅडही खूप टिकतात. मोठ्या बॅटरीची तपासणी करून घ्या आणि मागच्या सीटजवळची बॅटरीच्या पंख्याची जाळी साफ आहे का बघा. धुळीने ती बंद झाली की बॅटरी तापून मरते. इलेक्ट्रिक गाडी जवळच्या फेऱ्यांना उत्तमच, पण घरी चार्जिंगची जागा असेल तरच. सुरुवातीच्या निसान लीफसारख्या, बॅटरीला वेगळं थंड करण्याची सोय नसलेल्या गाडीत उरलेली क्षमता आधी मोजून घ्या.

किती जुनी आणि किती चाललेली?

पाच ते आठ वर्षं जुनी आणि वर्षाला दहा-पंधरा हजार किलोमीटर चाललेली गाडी हा बरा मध्य. बारा वर्षांत तीस हजार चाललेली ‘एकाच आजोबांची’ गाडी ऐकायला गोड वाटते, पण रबराला किलोमीटर कळत नाहीत, वर्षं कळतात. टायर, बेल्ट, कूलंटचे पाइप, सस्पेन्शनचे बुश, ब्रेकचे सील हे सगळं एकदम बदलावं लागेल असं धरूनच भाव करा. लहान फेऱ्यांत इंजिन पूर्ण तापत नाही, ऑइलमध्ये पाणी आणि पेट्रोल साचतं. वर्षातून एकदा ऑइल बदलल्याची नोंद असेल तर अशी गाडी खरंच सोनं आहे. नसेल तर ऑइल भरायचं झाकण उघडून आतली बाजू बघा, काळा चिकट थर दिसला तर परत फिरा.

मीटर मागे फिरवला आहे हे कसं ओळखायचं?

मीटर सोडून बाकी सगळं वाचा. ब्रेक पेडलचा रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकचकीत आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कड दबलेली असेल तर गाडी तीस हजार चाललेली नाही. नवे कोरे पेडल रबर दिसले तर आणखी संशय घ्या. ते सहजासहजी कोणी बदलत नाही. सर्व्हिसच्या पावत्या तारखेनुसार लावा, आकडा कुठेही उतरता कामा नये. टायरवर चार आकडी कोड असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पहिलाच संच आहे असं सांगितलं आणि टायर गाडीपेक्षा चार वर्षांनी लहान निघाले, तर गप्पा तिथेच थांबवा. सहा वर्षांपुढचा टायर नक्षी शाबूत असली तरी बारकाईने तपासायचा आणि दहा वर्षांपुढचा काढूनच टाकायचा.

कोणती मॉडेल्स बघावीत?

होंडा जॅझ, काही देशांत जी फिट नावाने मिळते, ती या कामासाठी जणू बेतूनच केली आहे. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली असल्याने मागचा तळ खाली आहे आणि मागच्या सीटची बैठक वर दुमडते, त्यामुळे वॉकर मागच्या दारातून उभाच आत जातो. टोयोटा यारिस आणि कोरोला वॅगन कंटाळवाण्या आहेत, आणि इथे कंटाळवाणं असणं हा गुण आहे. सुझुकीच्या उंच डब्यासारख्या हॅचबॅक बसायला-उतरायला सोप्या आणि वजनाने हलक्या. स्कोडा फाबियाची वॅगन लहान असून डिकीला मोठी. फक्त तिचा गिअरबॉक्स कोणता ते आधी विचारा. माझदा २ चालवायला छान, पण मागची काच लहान. तरीही नीट सांभाळलेली साधी गाडी ही नाव असलेल्या पण हयगय झालेल्या गाडीपेक्षा केव्हाही बरी.

बघायला गेल्यावर तपासणीचा क्रम काय?

सकाळी जा आणि आधीच सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. पोचल्याबरोबर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर कोणीतरी थंड इंजिनाचा आवाज तुम्हाला ऐकू द्यायचा नाही असं ठरवलंय.

किल्ली अर्धी फिरवून डॅशबोर्ड बघा. एअरबॅगचा दिवा आधी लागून मग विझला पाहिजे. तो लागलाच नाही तर दिवाच काढलेला असू शकतो. इंजिन चालू करा आणि मागे कोणाला तरी उभं करा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. थंडीतली वाफ लगेच विरते; गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला तर कूलंट आत जातोय, हेड गॅस्केटचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या जोडातल्या सीलचं काम. कूलंटच्या बाटलीत दुधाळ चॉकलेटी मिश्रण असेल तर अर्थ तोच. बाटलीचं झाकण फक्त इंजिन थंड असताना उघडायचं.

बॅटरीला मीटर लावा: इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना साधारण १४.

मग ओबीडीच्या, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाड वाचायच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावा. मोबाइलला जोडणारा साधा चालतो. बिघाडाचे कोड नाहीत एवढ्यावर खूश होऊ नका. त्यात ‘रेडीनेस’ नावाची यादी असते. बऱ्याच चाचण्या ‘अपूर्ण’ दिसल्या तर कोड नुकतेच पुसले आहेत किंवा बॅटरी काढून लावली आहे. शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा तपासू द्या म्हणा. उत्तरावरून कळेल.

अपघात झालेली किंवा पुरात बुडालेली गाडी कशी ओळखायची?

पत्र्यांमधल्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का बघा, आणि पुढच्या मडगार्डच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे आहेत का. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. ५०० च्या वर गेला तर आत पुट्टी आहे. एखादा दरवाजा पुन्हा रंगवलेला असणं गंभीर नाही. छताचे खांब रंगवलेले असतील तर गाडी नको.

पुराची गाडी आतून धुता येते, पण पट्टा कोणी धूत नाही. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ किंवा कुबट वास असेल तर उत्तर मिळालं. स्टेपनीखालचा खळगा आणि सीटचे बोल्ट गंजलेत का हेही बघा.

टेस्ट ड्राइव्हमध्ये काय ऐकायचं?

रेडिओ बंद, काचा अर्ध्या खाली. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. कट-कट आवाज म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट गेला. स्पीडब्रेकरवर खट् वाजलं तर लिंक रॉड किंवा बुश. वेगाबरोबर वाढणारी घरघर वळणावर कमी-जास्त झाली तर व्हील बेअरिंग. हे सगळं दुरुस्त होतं, भावात धरा. ऑटोमॅटिक गाडी पार्किंगच्या वेगात पाच-सात मिनिटं सरकवत ठेवा. थरथर, झटका किंवा ‘डी’ टाकल्यावर सेकंदभराचा विचार दिसला तर भाव करायच्या भानगडीत पडू नका.

शेवटी रस्ता मोकळा बघून ब्रेक जोरात दाबा. गाडी सरळ थांबली पाहिजे. नंतर तेच आई-वडिलांना करू द्या: पूर्ण दाबायला त्यांच्या पायात जोर आहे ना, हे बघायची जागा हीच.

सुरक्षेच्या कोणत्या गोष्टी सोडू नयेत?

गाडी घसरताना सावरणारी ईएससी यंत्रणा. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून ती सर्व नव्या कारना सक्तीची आहे. इतरत्र त्या विशिष्ट गाडीत आहे का तपासा. दुसरं, चासी नंबर टाकून रिकॉलची, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांची यादी बघा. टकाता कंपनीच्या एअरबॅगचा रिकॉल बऱ्याच कंपन्यांच्या कोट्यवधी गाड्यांना लागू आहे. उष्ण-दमट हवेत त्यातलं रसायन खराब होतं आणि एअरबॅग फुटताना धातूचे तुकडे उडतात. बदल अधिकृत केंद्रात मोफत होतो, तो झाल्याशिवाय गाडी चालवायची नाही.

हेडलाइटच्या काचा पिवळट आहेत का तेही बघा. साठीतल्या डोळ्याला विशीतल्या डोळ्याच्या साधारण तिप्पट प्रकाश लागतो. काच पॉलिश करून वर संरक्षक थर दिला की रात्रीचा रस्ता बदलतो.

घेतल्यावर लगेच काय करून घ्यावं?

बजेटचा दहा-पंधरा टक्के भाग यासाठी आधीच बाजूला ठेवा. इंजिन ऑइल आणि फिल्टर, एअर व केबिन फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, वायपर. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि उतारावर तापलं की उकळून पेडल मऊ पडतं, म्हणून ते दोन वर्षांनी बदलायचंच. टायमिंग बेल्टचा पुरावा नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदम. दुसरी किल्ली नसेल तर तीही आता करून घ्या.

बटणाने चालू होणारी गाडी चालेल का?

चालेल, पण हायब्रिड असेल तर एक खबरदारी. थांबल्यावर तिचं इंजिन आपोआप बंद असतं, शांतता असते, आणि गाडी बंद झाली असं समजून माणूस किल्ली खिशात ठेवून घरात जातो. बॅटरी उतरली की बंद गॅरेजमध्ये इंजिन स्वतःहून सुरू होतं आणि विषारी धूर साठतो. जिथे किल्ली ठेवायची सवय आहे त्याच जागी, दाराच्या हँडलजवळ, ठळक अक्षरांत एक चिठ्ठी डकवा: ‘पी (पार्किंग), मग बटण, मग दिवे गेले का’.